आधी लहानांनी बोलायचं

स्टाफरूममध्ये काहीही ठरवायचं असलं की देवरे सर सगळ्यात नव्या माणसाकडे वळत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सुरतच्या त्या अध्यापक महाविद्यालयात रुजू झाले. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "बाई, आधी तुम्ही बोला. मोठा बोलून गेला की लहानांची जीभ आत जाते." प्राचार्य घड्याळाकडे बघत होते. सर मात्र सगळ्यांचं होईपर्यंत थांबले आणि शेवटी बोलले.

आफ्रिकेतला शिक्षणविचार हा सरांचा अभ्यासविषय. झाडाखाली बसून एकमत होईपर्यंत न उठणाऱ्या गावसभांबद्दल ते वाचत. लहानांनी आधी बोलायचं, ही त्यांनी स्वतः घातलेली भर. सर धुळ्याकडचे, वाढले सुरतच्याच उधन्यात, वडील मिलमध्ये. आफ्रिकेला कधीच गेले नाहीत. शेजारच्या जसुबेन आफ्रिकेतल्या मोंबासात वाढलेल्या. सर त्यांना तिथल्या म्हणींचे अर्थ विचारत बसत. त्या हसून म्हणत, "भाई, अमे त्यां दुकान चलावी, ने तमे अहीं बेठा फिलसूफी चलावो छो!"

पीएच.डी.च्या प्रबंधात त्यांचं एक लाडकं प्रकरण होतं: लिहिता न येणारे म्हातारे एखादा प्रश्न कसा सोडवतात, मुलांना विचार करायला कसे शिकवतात. परीक्षकांनी नेमकं तेच काढायला सांगितलं. या लोककथा झाल्या, तत्त्वज्ञान नव्हे, असा शेरा आला. काढलं की पदवी, आणि पदवी मिळाली की विभागप्रमुखपद.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होते. वहिनी भाकरी थापता थापता चिडून म्हणाल्या, "काढी टाका ना ते एक प्रकरण! आफ्रिका काय बुडी जाई का?"

"आफ्रिका नही, मी बुडसू," सर शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, माझी आजी सही करत नव्हती. पण गावची भांडणं तिच्या ओट्यावर मिटत. तिला विचार करता येत नव्हता, हे मी कोणत्या तोंडानं लिहू?"

प्रकरण राहिलं, पदवी राहून गेली. प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. वहिनींनी पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलणं ठेवलं. सरांनी वाचन मात्र सोडलं नाही.

दशक सरता सरता सर काविळीने गेले. महाविद्यालयात शोकसभा झाली. प्राचार्य भाषण लिहून घेऊन उभे राहिले, तोच पहिल्या रांगेतून वहिनींचा आवाज आला.

"साहेब, तुमी मंग बोला. आधी लहान."

प्राचार्य खाली बसले. त्याच वर्षी लागलेली एक शिक्षिका चाचरत उठली. मग शिपाई, मग लिपिक, मग मी. जसुबेन बोलायला उठल्या आणि नुसत्याच रडल्या. दुपार कलली, पण कुणी उठून गेलं नाही.

सर्वांत शेवटी प्राचार्यांची पाळी आली. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि वहिनींना म्हणाले, "ताई, मी लिहून आणलं होतं ते आता पुरत नाही."