टोपलीतले मेल

नरहर खांबेट्यांच्या सहीचा रेल्वेत दबदबा होता. लखनौतल्या मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत त्यांनी उभी हयात मालडब्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली, आणि स्वतः तपासल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही. कंत्राटदार मिठाईचे डबे घेऊन येत आणि डब्यांसकट परत जात. हाताखालची माणसं पाठीमागे त्यांना 'ब्रेकसाहब' म्हणत. हे कानावर आलं तेव्हा खांबेट्यांना रागाऐवजी आनंदच झाला. घरीही तीच तऱ्हा. वासंतीबाईंनी कुलूप लावलं तरी हे मागे फिरून ओढून बघणार. "लग्नाआधी मला तेवढं तपासून घेतलं नाहीत, तिथेच चुकलात," असं त्या म्हणायच्या.

अशा माणसाला निवृत्ती मानवत नाही. आलमबागेतल्या घरात दोन महिने येरझारा घालून झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि वर्षभरात लखनौच्या मराठी मंडळाची वेबसाइट उभी केली. नुसती वेबसाइट नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाला मंडळाच्या नावाचा ई-मेलचा पत्ताही दिला. मग मंडळाच्या हॉलमध्ये बायकांसाठी वर्ग काढला. बायका माउसला हात लावायला घाबरत. खांबेटे त्यांना धीर देत, आणि धीर देताना हातचं काही राखत नसत.

पुढे २०११ साली जुन्या कंपनीचा सर्व्हर वरचेवर बंद पडायला लागला. कधी कधी दोन-दोन दिवस कोणाचा मेल येईना की जाईना. खांबेट्यांनी कंपनी बदलायचं ठरवलं. पण सगळ्यांचे साठवलेले मेल जुन्या सर्व्हरवर होते, ते नव्या सर्व्हरवर न्यायला हवे होते. हे काम त्यांनी एकट्याने अंगावर घेतलं. दोन्हीकडची खाती आपल्या कॉम्प्युटरवर समोरासमोर उघडायची आणि इकडचा एकेक कप्पा तिकडे ओढून न्यायचा. ब्रॉडबँड गोगलगाईच्या चालीने चाले. एकेका घराचं सामान हलायला अख्खी दुपार जाई. भर उन्हाळ्यात, दिवे जात असताना, इन्व्हर्टरवर बसून खांबेट्यांनी सगळ्या मंडळाचं बिऱ्हाड हलवलं.

प्रत्येक खात्यात एक टोपलीचं चित्र होतं. पुसून टाकलेले मेल तिथे जाऊन पडत. जुन्या सर्व्हरवर ती टोपली आपोआप रिकामी होत नसे, त्यामुळे काही टोपल्या गच्च भरलेल्या होत्या. त्या खांबेट्यांनी नेल्या नाहीत. नव्या घरात जुना केर कोण नेतो? मंडळाच्या सूचनेत त्यांनी तसं गमतीने लिहिलंही. नव्या जागी सगळं ठीक चालतंय असं बघितल्यावर त्यांनी जुन्या कंपनीला खाती बंद करायला सांगितलं.

श्रावणात पद्मिनीवहिनींचा फोन आला. वहिनी लखनौच्याच महानगर भागात, कपूरथळा चौकाजवळ एकट्या राहत. त्यांचे यजमान माधव ओगले वनस्पतिशास्त्रज्ञ, निवृत्तीनंतरही झाडं शोधत पहाडात हिंडणारे, खांबेट्यांपेक्षा थोडे मोठे आणि त्यांचे लखनौतले पहिले मित्र. माधवरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"भाऊजी, सवड झाली की येऊन जाता? माझी टोपली रिकामी दिसतेय."

"रिकामीच असायला हवी, वहिनी. त्यात केरच असतो."

"नाही हो, ह्यांचे मेल आहेत त्यात. दौऱ्यावरून पाठवायचे ते. बाहेर मंडळाच्या सूचनांची इतकी गर्दी, त्यात हरवायला नकोत म्हणून मी एकेक करून टोपलीत घातले. तुम्हीच सांगितलं होतंत ना वर्गात, टोपलीत टाकलेलं कुठेही जात नाही म्हणून?"

सांगितलं होतं. घाबरलेल्या बायकांना धीर द्यायला, हसत हसत, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

त्याहून वाईट गोष्ट फोनवर कुणाला दिसण्यासारखी नव्हती. वहिनींच्या खात्याचं काम करताना टोपलीत माधवचं नाव ओळीने दिसलं होतं, आणि खांबेट्यांचा हात थबकला होता. त्यांनी एक मेल उघडलाही होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, घरगुती बोलणं. दुसऱ्याचं वाचू नये म्हणून त्यांनी तो लगेच मिटला. बाईने पुसलंय म्हणजे नको असेल, नवऱ्यामागे ज्याचं त्याचं दुःख, आपण कशाला विचारायचं, असं म्हणून ते पुढच्या कप्प्याकडे वळले. एक फोन करायचा होता. बाजूलाच होता फोन.

"बघतो," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "जुन्या कंपनीकडेच काहीतरी गडबड झालेली दिसतेय. अगदी बेभरवशाचे लोक."

"हां, मग तुम्ही तरी काय करणार," वहिनी म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका. उन्हातान्हाचे केवढे खपलात तुम्ही."

खांबेट्यांनी जुन्या कंपनीचे उंबरठे फोनवरून झिजवले. तिकडचा माणूस सभ्य होता. "सर, आपने ही तो लिखकर दिया था कि सब डिलीट कर दीजिए," एवढंच तो दर वेळी सांगे. स्वतःचा कॉम्प्युटर त्यांनी पालथा घातला. त्यात काही उरलेलं नव्हतं.

वासंतीबाईंपासून हे लपणं शक्य नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, चूक तुमची, मग खापर कंपनीच्या माथी का?"

"सांगून मेल परत येणार आहेत का?"

"नाही येणार. पण ती बिचारी तुमचीच समजूत घालत बसलीय, ते बरं दिसतं का?"

माणूस लबाड नव्हता, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला स्वतःची काढायची सवय नसते.

गणपतीत मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. अध्यक्ष सतीश गुर्जर माइकवर म्हणाले, "एवढं मोठं सामान हललं, पण कोणाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही." टाळ्या पडल्या. शाल द्यायला त्यांनी वडीलधाऱ्या म्हणून पद्मिनीवहिनींना बोलावलं. वहिनी आल्या. त्यांनी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. शाल खांद्यावर नीट बसेना तेव्हा त्यांनी आपल्या हाताने ती सारखी केली. खांबेट्यांना त्या शालीखाली घाम फुटला. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्कूटर काढून महानगरात गेले. वहिनी चहा ठेवायला उठल्या, त्यांना त्यांनी बसवलं.

"वहिनी, कंपनीची काही चूक नव्हती. टोपली मी सोडून दिली. केर समजून. त्यांना पुसायलाही मीच सांगितलं."

वहिनींनी चष्मा काढला.

"आणि माधवचे मेल आहेत हे मला दिसलं होतं. एक उघडलाही होता मी. तरी तुम्हाला विचारलं नाही. वर खोटं बोललो."

खाली सब्जीवाल्या भैयाने कोणालातरी हाक मारली. वहिनींनी पदराने चष्मा पुसला, पण तो परत लावला नाही. त्या रागावतील, रडतील, निदान उठून आत जातील, अशी तयारी करून खांबेटे आले होते. 'असू दे' म्हणाल्या तर काय करायचं, याचीच त्यांना जास्त भीती होती. वहिनी असू दे म्हणाल्या नाहीत.

"उघडलात म्हणता," त्या म्हणाल्या. "कोणता होता?"

"पहाडातून, मुनस्यारीहून आलेला."

"काय लिहिलं होतं?"

खांबेट्यांनी डोळे मिटले. "रस्ता बंद आहे. जीप अडकली आहे. तू एकटीने जिन्यावरचा बल्ब बदलू नकोस, मी आल्यावर बदलीन."

वहिनींचे ओठ हलले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, शब्द न शब्द जपत. जीपच्या आधी रस्ता, मग बल्ब. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. संपल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"आणि पुढे?"

"पुढचं मी वाचलं नाही, वहिनी."