गाण्याच्या तासाची धास्ती

चार म्हातारे मास्तर एकत्र बसले, की किश्श्यांचा ढीग पडतो. बाकीचे आपण कोणाला कसं गप्प केलं ते सांगतात. माझ्या ढिगात सगळे मी घाबरल्याचेच! काय करणार, नोकरीच तशी मिळवली होती.

१९३० नंतरची ती वर्षं. इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अलीकडं एका शाळेत गायनमास्तर हवा होता. कीर्तनात पेटी वाजवून माझा कान तयार झाला होता, गळाही बरा होता. पण पोरांना स्वरलिपी, म्हणजे लिहिलेले सारेगम बघून गायला शिकवायचं होतं. अर्जात मी ठोकून दिलं, "उत्तम येते." खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं! पुस्तक मागवलं आणि पोरांच्या एक पान पुढं राहायचं ठरवलं. हे उघडकीला आलं तर नोकरी जाणार, आणि घरी म्हातारी आई, बायको, तान्ही पोर.

*

पहिल्याच दिवशी पेटीचा भाता हलवला. सूर निघाला आणि बारकी पोरं भिंतीला चिकटली.

"गुरुजी, आत कोण रडतंय?" एकानं विचारलं.

"आत कोणी नसतं रे," म्हणत मी झाकण उघडून दाखवलं. आतून चांगला बोटभर विंचू नांगी उगारून बाहेर आला.

पोरं होती तिथंच होती. दाराबाहेर मी एकटाच होतो!

*

स्वराच्या पुढं आडवी रेघ असली, की तो स्वर लांबवायचा. किती लांबवायचा, ते पुस्तकात पुढच्या पानावर होतं आणि मी अजून तिथं पोचलो नव्हतो. पोरांना सांगितलं, "माझा हात खाली येईपर्यंत."

पोरांनी वरचा 'सा' लावला, मी हात वर केला, आणि दारात हेडमास्तर! भीतीनं माझा हात वरच राहिला. ते काहीतरी विचारत होते, मी मान हलवत होतो, आणि पोरं 'सा' सोडेनात. दोघं लालबुंद होऊन खाली बसली.

"अहो, हात खाली घ्या!" हेडमास्तर ओरडले. "मारताय काय त्यांना?"

*

तिसरीतली सुभी गाण्यात सगळ्यांत हुशार. एका सकाळी तिचे वडील, तात्या, खांद्यावर कुऱ्हाड टाकून थेट वर्गात आले.

"पोरीला गायला लावता व्हय? उद्या तमाशाच्या फडात उभी करायची हाय का?"

माझी नजर कुऱ्हाडीवर. "गाणं नाही तात्या, वाचन आहे," मी कसंबसं म्हणालो.

"मग वाच गं."

सुभीनं पाटी धरली आणि खणखणीत गायली.

"ह्ये तर गाणंच हाय की!"

"तात्या, हितं लिवलंय तसंच म्हणती मी," सुभी पाटी दाखवत म्हणाली.

तात्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पाटीकडं जरा लांबूनच बघितलं. कचेरीतल्या कागदाकडं बघावं तसं.

"लिवलंय म्हणल्यावर न्हाय कसं म्हणायचं!" असं पुटपुटत ते निघून गेले.

*

आणि मग शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले. त्यांना गाण्यातलं चांगलंच कळतं, ही बातमी आधीच पोचली होती.

तोवर पोरं लिपीत माझ्या कितीतरी पुढं गेली होती. मी पुस्तकातली नवी ओळ फळ्यावर उतरवायचो आणि त्यांना आधी वाचायला लावायचो. त्यांचं ऐकून चाल कानात बसली, की मीही ऐटीत म्हणून दाखवायचो.

साहेबांनी स्वतः खडू घेतला, फळ्यावर एक नवीच ओळ लिहिली आणि म्हणाले, "मास्तर, वाचा."

अक्षरं दिसत होती, चाल काही दिसेना. डोळ्यांपुढं आई आली.

तेवढ्यात सुभी उठली. "सायेब, आमच्यात तसं न्हाय."

"मग कसं?"

"आदी आमी वाचतो. मग गुरुजी शिकत्यात!"

हेडमास्तरांनी टोपी काढली आणि परत घातली.

साहेब सुभीला म्हणाले, "वाच."

तिनं वाचली, एकही स्वर न चुकता. साहेब खुर्चीत नीट टेकून बसले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले,

"हं मास्तर. शिका!"