अप्पांचं पुढच्या वर्षीचं वय

मंडळी, आज पंधरा दिवसांनी कुंभकोणमच्या कॉम्प्युटर क्लासला गेले. परवाच माझ्या वडिलांचे, अप्पांचे, दिवस झाले. घरी बसून रडू येत नव्हतं, म्हणून गेले.

पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत माहिती विचारून कशी घ्यायची, हा धडा होता. प्रोग्रामने वय विचारायचं आणि पुढच्या वर्षी किती होईल ते सांगायचं. माझ्या हातून एकाहत्तर टाइप झालं. ते अप्पांचं वय. लगेच एरर आली.

मॅडम तमिळमध्ये म्हणाल्या, "टाइप केलेलं सगळं पायथन अक्षरंच समजतो. अक्षरांत एक कसा मिळवणार? आधी इंट लावून त्याचा आकडा कर."

मी केला. स्क्रीनवर बहात्तर आलं.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आईला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "ते बहात्तर आहे का अजून तिथे?"

"नाही गं. प्रोग्राम बंद केला की जातं."

"मग वहीत लिहून ठेव."

लिहून ठेवलं. डोळे अजून कोरडेच आहेत.

तुमच्या घरचं माणूस गेलं तेव्हा तुम्हाला रडू किती दिवसांनी आलं?