सुनंदाताईंचे ढग

ईमेलवरच्या मंडळींनो, आज सुरतेत आमच्या फोटो क्लबमध्ये माझा नुसता जळफळाट झाला.

डांगच्या सहलीत मी आणि बँकेतल्या सुनंदाताईंनी एकाच कड्यावरून एकच दरी टिपली होती. प्रदर्शनात दोघांपैकी एकाचाच फोटो लागणार होता. डार्करूममध्ये प्रिंट काढताना मी ढग इतके काळे केले, की आता वीज पडेल असं वाटावं. ताईंची प्रिंट मवाळ, राखाडी. सगळ्यांनी तीच निवडली.

मी कुजकटपणे म्हणालो, “ताई, ढग जरा गडद करायचे ना!”

“अहो, त्या दिवशी ते तेवढेच गडद होते. तुम्हीही होतात ना तिथे?”

होतो. पण तो दिवस मला आठवला, तो त्यांचा फोटो बघून. त्याचाच जास्त राग आलाय. तुम्हाला कधी असा राग आलाय?