चेनला मेण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते धुळ्यातल्या एका सायकलवाल्या आबांचे, आणि त्यांचं नाव मला ठाऊक नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शिक्षकाच्या मुलाखतीला एकुलते एक पांढरे कपडे घालून निघालो आणि वाटेत सायकलची चेन पडली.

"आबा, बसवा लवकर, मास्तरकीची मुलाखत आहे. थोडं तेलही सोडा."

"धुळ्यामा राहीसन तेल मांगस? तेल म्हंजे धूळले आवतन शे!"

त्यांनी चेन रॉकेलमध्ये धुतली, उन्हात वाळवली आणि मेणबत्त्या वितळवलेल्या डब्यात जिलबीसारखी अलगद सोडली. बाहेर काढून टोपीनं वारा घातला. मी घड्याळ बघत होतो. शेवटी त्यांनी तीच पांढरी टोपी चेनवर घासून दाखवली. "देख, डाग शे का?" नव्हता. खूश होऊन त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जाय, मास्तर व्हई जाशी!"

मुलाखत छान झाली. निघताना मागून अध्यक्षांनी विचारलं, "पाठीवर कोणाचा हात आहे हो?"

मला वाटलं, वशिला विचारताहेत. मी ताठ मानेनं म्हणालो, "कोणाचाच नाही, सर!" सगळे हसत सुटले.

घरी शर्ट काढला तेव्हा पाठीवर पाच काळी बोटं दिसली.

नेमणूक झाल्यावर पत्र टाकलं. नावाच्या जागी "चेनला मेण लावणारे आबा" असं लिहिलं.

"आबा, मास्तर झालो. चेन अजून स्वच्छ आहे. मुलाखतीत मात्र एकदा खोटं बोललो. पाठीवर तुमचा हात होता."