पणबाईची सही

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक खोली होती. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, चाकू तिथे धुवायचे, ट्रेमध्ये रचायचे, दुहेरी कापडात बांधायचे आणि मोठ्या मशीनमध्ये वाफेवर निर्जंतुक करून वर थिएटरला पाठवायचे. त्या खोलीत एकवीस वर्षं काम करणाऱ्या बाईंना सगळे पणबाई म्हणत. कुणी काहीही बोललं की त्यांचं उत्तर 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून एका सिस्टरने हे नाव पाडलं होतं. ते घरापर्यंत पोचलं आणि नवऱ्याने ते हसत हसत स्वीकारलं. तो बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "तू जिंकलीस, आता जेवून घे," एवढंच म्हणायचा.

पणबाई देव मानत नसत. एकोणिसाव्या वर्षी कधीतरी ते आपोआप सुटलं होतं, त्यामागे कुणाचा मृत्यू नव्हता की मोठं दुःख नव्हतं. पण मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, हे आजवर पटलेलं नव्हतं. "कुणाची भीतीच नसेल तर माणूस नीट का वागेल?" हा त्यांचा तीस वर्षांचा प्रश्न. दर रविवारी दुपारी बहिणीच्या घरी चहावर तो नव्याने निघायचा. भाऊजी माणूस सज्जन. शेजाऱ्यांचं लाइटबिल भरायलाही स्वतः रांगेत उभे राहतील. म्हणूनच पणबाईंना त्यांचा जास्त राग यायचा. हा माणूस कुणाला भिऊन रांगेत उभा राहत नाही हे त्यांना दिसत होतं, फक्त त्यालाच ते दिसत नव्हतं.

तिथे तिसरा एक असायचा. भाऊजींच्या वरच्या मजल्यावरचा, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. तोही देव मानायचा नाही, त्यामुळे पहिल्या रविवारी पणबाईंना वाटलं, चला, आपल्या बाजूने एक आला. दोन रविवारांत हा भ्रम फिटला. प्रोफेसरच्या मते चांगलं-वाईट असं मुळात काही नसतंच, ती माणसांनी सोयीसाठी ठरवलेली नावं. हे तो बिस्किट बुडवत इतक्या आरामात सांगायचा की पणबाईंची तळपायाची आग मस्तकात जायची.

मग तो गुरुवार आला.

त्यांच्या मशीनची रोज सकाळी एक चाचणी असते. कापडाच्या गठ्ठ्याच्या मधोमध एक कागद ठेवायचा आणि मशीन चालवायचं. वाफ सगळीकडे नीट शिरली तर कागद पूर्ण काळा होतो. आत कुठे हवा अडकली असेल तर मधला भाग फिका राहतो. त्या गुरुवारी कागदाच्या मध्यावर तळहाताएवढा फिका डाग राहिला. पणबाईंनी पुन्हा चाचणी घेतली. डाग होता तसाच. दुसरं मशीन तीन आठवडे बंद पडून होतं, त्याचा एक भाग यायचा होता.

त्यांनी अधीक्षकांना फोन केला. "काल चालत होतं ना?" अधीक्षक म्हणाले.

"काल चालत होतं. पण आज..."

"बाई, वर पेशंट टेबलावर घेतलाय. एक दिवसात जग बुडत नाही. सही करा आणि पाठवा. मशीनवाल्याला मी बोलावतो."

पणबाईंनी ट्रेच्या चिठ्ठीवर 'निर्जंतुक' म्हणून सही केली. एकवीस वर्षांत त्यांनी बदली सिस्टरांना झापलं होतं, घाई करणाऱ्या डॉक्टरला दाराबाहेर उभं केलं होतं, आणि त्या दिवशी एका फोनवर शेपूट घातलं. त्याच मशीनमधून निघालेला पहिला ट्रे वर गेला.

मग त्या गॉजच्या घड्या घालत बसल्या. एक, दोन, दहा. तो कागद समोरच टेबलावर पडला होता. चाळीस मिनिटं त्या त्याच्याकडे न बघता घड्या घालत होत्या. नंतर उठल्या, जिना चढून वर गेल्या आणि थिएटरच्या दारातून सर्जनला म्हणाल्या, "तो ट्रे चाचणीत नापास झालेल्या मशीनमधला आहे. मी सही केलीय. करायला नको होती."

टेबलावर हर्नियाचा पेशंट होता, एक शिंपी, वय पासष्ट. पोट उघडलेलं होतं. सर्जनने एक शिवी हासडली, शेजारच्या हॉस्पिटलातून दुसरा ट्रे मागवला, जास्तीची औषधं सुरू केली आणि ऑपरेशन पुरं केलं. पुढची दोन ऑपरेशनं रद्द झाली. शिंप्याला ताप आला नाही, टाके चिघळले नाहीत, चौथ्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. अधीक्षकांनी सगळ्यांना बोलावून एकच वाक्य ऐकवलं: "काही झालेलं नाही, तेव्हा काही लिहायचंही नाही." सगळे मूग गिळून बसले. पणबाईही.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी चहावर त्यांनी हे सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बहुतेक कुणीतरी आपल्याला चार शब्द सुनवावेत असं त्यांना वाटत असावं. झालं उलटंच.

भाऊजींचे डोळे चमकले. "पण तू वर गेलीस ना? का गेलीस? कुणी सांगितलं होतं? आतून कुणीतरी ढकललं तुला. आम्ही त्यालाच देव म्हणतो. तू मान किंवा मानू नकोस, तो तुझ्यात आहे."

पणबाईंनी कप खाली ठेवला. "आणि सही करताना कुणी ढकललं?"

"ती तुझी चूक."

"आणि ती चाळीस मिनिटं? तेव्हा तुमचा आतला काय करत होता?"

"तेव्हा तू त्याचं ऐकलं नाहीस."

"वा. म्हणजे ऐकलं तर तो, नाही ऐकलं तर मी. भाऊजी, आयुष्यात एक बरी गोष्ट केली मी, तीही अर्धवट आणि उशिरा. तेवढीसुद्धा माझ्याकडे राहू देणार नाही का तुम्ही?"

प्रोफेसर मान डोलावत होता. त्याला वाटलं, आता आपली पाळी. "त्यांचं सोडा. मला सांगा, त्या माणसाचं नुकसान काय झालं? काहीच नाही. मग चूक झाली असं तरी कशाच्या आधारावर म्हणायचं? आणि तुम्ही वर गेलात ते तुम्हाला खात होतं म्हणून. स्वतःचा त्रास थांबवायला. माणूस दुसरं काही करूच शकत नाही."

पणबाई त्याच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने सवयीने आपला कप बाजूला सरकवला.

"तो ट्रे तुमच्या पोटावर उघडला असता," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही ठणठणीत घरी आला असता, तर तुम्हाला ते सांगायला हवं होतं की नाही?"

"मला कळलेलं आवडलं असतं, हे खरं."

"आवडण्याचं विचारत नाही. हवं होतं की नाही?"

"आता 'हवं' म्हणजे नेमकं काय, इथूनच खरं तर..."

"इथूनच पळता तुम्ही. दर रविवारी. माणूस मध्ये आला की तुम्ही शब्दाच्या मागे जाऊन बसता. भाऊजी निदान कुणापुढे तरी उत्तर द्यायला उभे राहतात. तुम्ही कुणापुढेच नाही, आणि त्याला विचार म्हणता."

स्वयंपाकघराच्या दारात बहीण किटली घेऊन उभी होती. ती या वादात कधी पडायची नाही. तिने विचारलं, "मग त्या शिंप्याला सांगितलं कुणी?"

  अख्खी दुपार या दोघांना फैलावर घेण्यात गेली होती, आणि हा साधा प्रश्न पणबाईंनी स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर त्या शिंप्याच्या दुकानात गेल्या. मशीनवर कुणाचा तरी कोट होता. शिंपी उशी मांडीवर घेऊन बसला होता, खोकला आला की टाक्यांवर दाबायला. पणबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कागदाचा डाग, फोन, सही, चाळीस मिनिटं. काही वगळलं नाही, अधीक्षकांच्या अंगावर ढकललंही नाही.

शिंप्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सही तुमची."

"हो, माझी."

"आता मला काही होईल का?"

"बहुतेक नाही. पण अजून दोन-तीन महिने ताप आला, टाका दुखायला लागला, तर लगेच दाखवा. म्हणूनच तुम्हाला माहीत असायला हवं."

"तुम्हाला सांगून मोकळं वाटलं असेल," तो म्हणाला. "मी मात्र आता रोज पोट चाचपत बसणार. जा तुम्ही. आणि माफी मागू नका, मी देणार नाही."

पणबाईंनी माफी मागितली नाही. रस्त्याने घरी येताना त्यांना त्याचा राग यावा असं फार वाटत होतं, आला असता तर सोपं गेलं असतं. पण तो म्हणाला त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. दिवसभर साठलेला राग ठेवायला कुठेच जागा नव्हती. घरी आल्यावर त्यांनी पाण्याचं पिंप रिकामं करून घासलं, मग गॅसची शेगडी, मग बाथरूमच्या फरश्या. नवरा दारात उभा राहून बघत होता. "जेवून घे," असं तो त्या दिवशी म्हणाला नाही. दुसरा ब्रश घेऊन शेजारी बसला.

शिंप्याने लेखी तक्रार केली. चौकशी बसली. अधीक्षक म्हणाले, असा फोन आलाच नव्हता. चाचणीचा तो कागद सापडला नाही. पणबाईंनी आपली सही आपलीच आहे एवढं सांगितलं आणि फोनचंही सांगितलं, ज्यावर कुणी विश्वास ठेवल्याचं दाखवलं नाही. त्यांची बदली कपड्यांच्या धुलाईत झाली. अधीक्षक होते तिथेच राहिले. मशीन मात्र दोन महिन्यांत नवं आलं, कारण तक्रारीवर वरच्या कार्यालयातून शेरा आला होता.

चार महिने त्या बहिणीकडे गेल्या नाहीत. मग एका दुपारी भाऊजीच धुलाईत आले, ओल्या चादरींच्या ढिगाजवळ छत्री धरून अवघडून उभे राहिले. "मी त्या जागी असतो तर त्याच्या दुकानात गेलो नसतो," ते म्हणाले. "मी घरी बसून देवाची माफी मागितली असती."

"ते सोपं आहे."

"सोपं नाही. पण शिंपी त्यात कुठे येत नाही, हे मला कळलं." मग म्हणाले, "तरी तुला ढकलणारा कुणीतरी होताच, असं माझं मत आहे."

"भाऊजी, चादरीला हात लावा. दुसरं टोक धरा."

त्यांनी धरलं. दोघांनी मिळून वीसेक चादरी घडी केल्या आणि वाद सुरूच राहिला.

तीन वर्षांनी पणबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्याच अधीक्षकांनी भाषण केलं. बाईंचा प्रामाणिकपणा, बाईंची निष्ठा, अशी गाडी सुरू झाली. "अशी माणसं घडतात ती मनात खोलवर श्रद्धा असते म्हणून," ते म्हणाले.

पणबाई खुर्चीतून उठल्या. "श्रद्धा नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन होता, माझी सही होती, आणि टेबलावर माणूस होता. चौकशीत तुम्ही खोटं बोललात. तेही भाषणात घ्या."

 सभागृहात मागे कुठेतरी एका सिस्टरने टाळी वाजवायला हात उचलला आणि आजूबाजूला बघून खाली घेतला. पणबाईंनी ते पाहिलं. त्यांनी शाल आणि नारळ खुर्चीवरच ठेवले, नवऱ्याला चला म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.