चपला आत घेऊन या

"चपला हातात घ्या आणि पटकन आत या," पेडणेकर मॅडम दार किलकिलं करून मुलांना सांगायच्या. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढतात. मॅडमच्या घरी त्या बाथरूममध्ये लपवलेल्या असत. शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या. दिवसा दुबईतल्या एका भारी फीच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना, तेही फुकट. परवान्याशिवाय शिकवणी इथे चालत नाही आणि त्यांची शाळा परवान्याला हो म्हणत नव्हती. कळलं तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसाही.

आमच्या मुलांची शाळा स्वस्तातली. तिथे कुणी जरा बरं शिकवायला लागलं की मोठी शाळा त्याला उचलून न्यायची. माझ्या सईच्या वर्गाला गणित पीटीचे सर शिकवत होते. म्हणून मी जात्याच भित्री असूनही तिला मॅडमकडे पाठवायचे आणि लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की दाराला कान लावायचे.

मॅडम काही कमी घाबरायच्या नाहीत. बेल वाजली की फळ्यावर लिहिता लिहिता अर्ध्यावरच थांबायच्या. "घाबरलात? मीपण घाबरलेय. यल्ला, चला, पुढचं गणित!" चुकीचं उत्तर मात्र क्षणभर राहू द्यायच्या नाहीत. "पूस आधी. बघत बसलं की तेच खरं वाटायला लागतं."

एकदा मी सईला आणायला गेले असतानाच बेल वाजली. दारात त्यांच्या शाळेच्या सुपरवायझर उभ्या. एका हातात मॅडमचा शाळेत विसरलेला फोन, दुसऱ्या हातात सईची गुलाबी चप्पल. आत येताना बाहेरच पडली असणार.

"यह किसकी है?"

"मेरी बेटी की," मी घाईघाईने म्हणाले. तेवढ्यावर निभावलंही असतं. पण आत मुलं सगळं ऐकत होती. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. सुपरवायझरच्या हातातली चप्पल घेतली आणि म्हणाल्या, "मेरी स्टुडंट की है."

नोकरी गेली. मॅडम मालवणला परत निघाल्या त्या दिवशी सगळी मुलं भेटायला आली आणि पहिल्यांदाच त्यांनी चपला बाहेर काढल्या. चपलांची रांग लिफ्टपर्यंत गेली होती. मॅडमनी दार उघडलं, खाली पाहिलं आणि सवयीने वाकल्याच. "अरे, चपला आत घ्या!"

"इट्स ओके नाऊ, मॅम," सई म्हणाली.

आता कुणी आलं तरी काही बिघडणार नव्हतं. तरी माझी धास्ती जाईना. सोमवारपासून सईला गणिताला फक्त पीटीचे सर होते.